सात मीटर चाळीस

नळी मी मांडीवर घेऊन बसते.
गाडी तोर्लाइफ चालवतो, पुलाच्या सांध्यांवर तर
इतकी हळू, की मागच्या ट्रकचे दिवे आरशात चिडतात.
नळीच्या दोन्ही तोंडांना मेण, त्यावर रबराची टोपी,
टोपीवर माझ्या अक्षरात: भोक तीन, सात मीटर चाळीस.
बायकोला बाळासकट घरी आणताना
मी एवढा जपून चालवत नव्हतो, असं तोच म्हणतो.

सकाळी यंत्राची काठी जमिनीत उतरली
तेव्हा पहिले तीन मीटर ती कुरकुरली.
वाळलेला थर, मुळं, एकदा खट्ट:
नांगराचा जुना फाळ असावा.
मग आवाज बंद.
दाबाची रेघ कागदावर सरळ खाली.
लोण्यात सुरी म्हणावं, तर लोणी निदान थोडं अडवतं.
तोर्लाइफने हातमोजे काढले, पुसले,
पुन्हा घातले.

कुंपणाशी राग्नफ्रीद होव्देन उभ्या,
थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतून, तिसरा विसरून.
"लेकीसाठी दोन खोल्या आणि पडवी," म्हणाल्या.
"चर्च थोडंच बांधतेय मी?
सासऱ्यांनी इथे घोडे जुंपले, नवऱ्याने ट्रॅक्टर घातला,
जमिनीने कधी कुरबुर केली नाही."
मी म्हटलं, प्रयोगशाळेत बघू.
नेहमी म्हणते तेच.

ही माती समुद्रात जन्मली.
बर्फ वितळला, पाठीवरचं ओझं उतरल्यासारखी
जमीन वर आली, हळूहळू,
समुद्राच्या तळावर बार्ली डोलू लागली.
आत मात्र कणांचा पत्त्यांचा बंगला तसाच,
मिठाने सांधलेला.
मग गोडं पाणी झिरपत राहिलं
हजारो वर्षं, कुणाला न दुखावता,
एकेक चिमूट घेऊन गेलं.
बंगला उभाच आहे.
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नळीतून ती बाहेर सरकते: निळसर राखाडी, देखणी.
तारेने कापली तर कड धरून उभी राहते.
शंकूचं टोक तिला टेकवते, सोडते.
सात मिलिमीटर. बरी आहे, कुणीही म्हणेल.
मग तीच माती कपात घेऊन ढवळायची.
एकोणीस वर्षं करते आहे, अजून आवडत नाही.
दहा वेढे, वीस वेढे,
आणि ती ताकासारखी हलते.
वरून एक थेंबही पाणी घातलेलं नसतं.
दुसरा, हलका शंकू सोडते.
तो मोजपट्टीवर कुठेच थांबत नाही,
तळाला टक्कन वाजतो.

वहीत आकडा लिहून झाल्यावर
उकडलेल्या अंड्यासाठी आणलेली मिठाची पुडी उघडते.
हे नियमात नाही. चिमूटभर टाकते, पुन्हा ढवळते.
ती आळते.
चमचा तिच्यात उभा राहतो.
समुद्र सुटून हजारो वर्षं झाली
तरी खाल्ल्या मिठाला जागते बिचारी.
पण अख्ख्या उतारासाठी मी
किती पुड्या आणू?

संध्याकाळी फोन केला. राग्नफ्रीदबाई म्हणाल्या,
"मग आजवर कशी टिकली?"
मी म्हटलं, आजवर कुणी ढवळली नाही.
"वर भराव घालू नका, नदीकाठ खणू नका,
घराचं सध्या विसरा, मी सविस्तर पत्र पाठवते."
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
त्यांच्या मागे कपडे धुण्याचं यंत्र
पिळण्याच्या फेरीत थडथडत होतं.
मग विचारलं, "भोक तीन म्हणजे
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, तेच ना?"
हो म्हटलं. अकरा मीटर.

पावलं ऐकू आली, मोज्यांतली, जपून टाकलेली.
एक बटण दाबल्याचा आवाज.
यंत्र थांबलं.