सहा मिनिटं दहा सेकंद

सेमिनरी हिल्सच्या टॉवरवर अजून लाल दिवा लागतो,
तो आता फक्त विमानांसाठी.
तेव्हा तो लागला की माझी ड्यूटी सुरू व्हायची.
खाली फुटाळ्याच्या पाण्यात त्याचा ठिपका हलतो म्हणत,
मी पाहिला नाही कधी. मी बिनखिडकीच्या खोलीत,
भर मे महिन्यात स्वेटर घालून,
कारण यंत्रांना उकाडा सोसत नसे.

अशाच एका मेमध्ये सुकेशिनी गजभिये आली
तोंडाला दुपट्टा बांधून,
पोळ्यांच्या डब्यात टेप, डब्याला ओला पंचा,
कुल्फी न्यावी उन्हातून तशी.
लुना विकून केलेली फिल्म.
चौतीस मिनिटं तीस सेकंद.
आमच्याकडे जागा अठ्ठावीस वीस,
रविवारी, रात्री साडेअकरा.

"साडेअकराला कोण पाहणार?"
मी म्हणालो, जे जागे असतील ते.
ती हसली नाही. मलाही तो विनोद वाटला नव्हता.

कापायला बसलो.
सोसायटीचा सेक्रेटरी ठेवला. सुताचा व्यापारी ठेवला.
साहेबांना तर हात लावायचा नाही,
ते नकाशासमोर उभे होते.
बोललेलं कापलं की चौकशी होते.
म्हणून जिथं कुणी बोलत नाही तिथं गेलो.

पाचपावलीतली खोली.
झिंगरूजी हेडाऊ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून.
कॅमेऱ्यामागून सुकेशिनी विचारते,
माग थांबला त्या दिवशी काय झालं?

आणि मग काही नाही.
ते धोटा उचलतात. ठेवतात.
ताण्यातला एक तुटका धागा शोधतात,
बोटाला थुंकी लावून सांधतात,
त्या ताण्यावर आता काही विणायचं नाही तरी.
बाहेरून भांडी घासल्याचा आवाज, कुणाची तरी सायकल.
परत धोटा. अंगठ्यानं त्याची कड चाचपत राहतात,
मी स्टॉपवॉच लावून मोजलं.
सहा दहा. नेमकं हवं होतं तेवढं.
सरकारी नोकरीत असं नशीब क्वचितच.

"इथं काही घडत नाही," मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे,
मग फॉर्मवर सही केली, तिन्ही प्रतींवर,
कार्बन सरकला होता म्हणून तिसरीवर पुन्हा.

रविवारी गेली फिल्म.
व्यत्यय आला नाही, क्षमस्वची पाटी लावावी लागली नाही.
रजिस्टरात लिहिलं: समाधानकारक.
पाचपावलीत त्या रात्री वीज होती म्हणे,
एका टीव्हीसमोर अख्खी गल्ली, बाजा अंगणात.

बाराला फोन वाजला.
इतक्या रात्री फक्त इंजिनिअरचा वाजायचा.

"कोन बोलून राह्यलं?"
ड्यूटीवरचा, मी म्हणालो.
"मी झिंगरू. आत्ता टीव्हीत होतो नं, थो."
मागे हॉर्न, रिक्षावाल्यांचा गलका;
मेयोच्या फाटकाजवळचा डबा-फोन असावा,
रात्रभर तोच सुरू असे.

छान आलं हो तुमचं, मी म्हणालो.
"आलं. पन मी सांगतलं थे कुठी गेलं?"
काय सांगितलं होतं?
"चूप बसलो होतो नं मी."

मला आठवतं, माझ्या समोर रंगांचे पट्टे लागले होते,
पांढरा, पिवळा, निळसर, हिरवा,
आणि तो एकसुरी आवाज मी बंद केला.
काहीतरी म्हणणार होतो. वेळेचं, स्लॉटचं.
पण पलीकडे तो गप्प झाला होता.
फोन ठेवलेला नव्हता. श्वास येत होता.
मीही धरून राहिलो, रिसीव्हर कानाला चिकटलेला,
स्वेटरच्या आत घाम.

दर तीन मिनिटांनी टुक् व्हायचं.
मग डब्यात रुपया पडल्याचा आवाज.

दोनदा पडला.