उंचीचा रकाना

बावीस वर्षं गेड्यांवर चाललो.
टोपीत पडणाऱ्या नाण्यांच्या आवाजावरून
गाव जेवलंय की उपाशी आहे ते सांगायचो.
आता मार्सेयच्या उत्तरेला, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात
मी विद्यार्थी आहे.
हजेरीपटावर : आर्सेन वासेर, वय सेहेचाळीस.
भिंतींना अजून तेलाचा वास येतो
आणि बाकाखाली माझे गुडघे मावत नाहीत.

पहिले तीन आठवडे
ओदील बाईंनी कुणाला काही करूच दिलं नाही.
माझ्या गेड्या कपाटात, सितीनाच्या मशाली कपाटात,
किल्ली बाईंच्या गळ्यात.
"चौकात जा," म्हणाल्या, "आणि बसा.
कुणाचं लक्ष जाणार नाही असं बसा."

सितीना हसली. मला हसू आलं नाही.
मी जन्मभर ह्याच्या उलटं शिकलो होतो.

वहीत लिहिलं : संध्याकाळी सात दहाला कचऱ्याची गाडी.
लिहिलं : मिस्त्राल वारा टपालघराच्या कोपऱ्याला वळतो,
तिथे बोललेलं ऐकू जात नाही.
लिहिलं : तिसऱ्या बाकावर एक म्हातारा, मांडीवर टोपी, शेजारची जागा रिकामी.
नवव्या दिवशी ध्यानात आलं,
तो बसत नव्हता, जागा धरत होता.
कुणासाठी, ते विचारलं नाही.

आणि मुलं. चेंडू काखेत घेऊन
एका सर्कशीच्या तंबूच्या खुंट्या निघायची वाट बघणारी.
तेव्हा मला रूबेची ती दुपार आठवली,
माझ्याभोवती गप्प उभी असलेली बारा-तेरा पोरं.
घरी येऊन सांगितलं होतं, काय रंगला खेळ, पापणी लवली नाही कुणाची!
ती पोरं प्रेक्षक नव्हती.
मी कधी निघतो ते बघत होती.

मग अर्ज भरायचा तास.
जागेचा तात्पुरता वापर : लांबी किती, रुंदी किती.
उंचीचा रकानाच नव्हता.
माझं पोट, माझं नाव, मोडलेला खुबा, सगळं
त्या नसलेल्या रकान्यातलं.
समासात बारीक अक्षरात लिहिलं : साडेतीन मीटर.
कारकुनाने शिक्का मारला, समास न वाचता.

जूनमध्ये परीक्षा.
संगीत नाही, तोंडाला रंग नाही. पट्टे आवळले
आणि चौकाच्या कडेकडेने, मुलांच्या खेळात न घुसता,
पहिल्या मजल्यावरच्या मादाम बुझीदच्या बाल्कनीशी जाऊन उभा राहिलो.
लिफ्ट बंद पडून सात महिने झालेले.
बाई सात महिने वरच.
म्हटलं, "नमस्कार, खालून आलोय."
तिने मला नीट न्याहाळलं, खालपर्यंत.
आत गेली. मला वाटलं घाबरली.
बाहेर आली ती गाठ मारलेली पिशवी घेऊन :
"जाताना एवढी टाक बाबा. गळतेय जरा, जपून."

पिशवी दोन्ही हातांत धरून चाललो,
बावीस वर्षांत इतकं जपून कधी चाललो नव्हतो.
चेंडू माझ्या लाकडी पायांमधून गेला,
कुणीतरी ओरडलं, गोल!
गाडीवाल्याने इंजिन बंद करून वाट बघितली.
तिसऱ्या बाकावरचा म्हातारा
पहिल्यांदाच जरा सरकून बसला.

परीक्षकांना टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळलं नाही.
गुणपत्रिकेवर एवढंच आहे :
अवधी अकरा मिनिटं.
प्रेक्षकसंख्या नक्की सांगता येत नाही.