सबमीटर

करारनाम्यात लिहिलंय : भिंतीला खिळा मारायचा नाही,
विजेचे युनिटला अकरा रुपये.
खिळ्याशिवाय मला राहता येतं.
अकरा रुपयांशी मात्र रोज रात्री
जेवणं झाली की वही घेऊन बसावं लागतं.

विश्राम म्हणतो, तू वीज मंडळात हवी होतीस.
मी असते मच्छीमार सोसायटीत, डिझेलच्या पावत्यांवर.
लिटर, खेप, बाकी.
सवय घरी येते माझ्यासोबत.

तर, गॅस आधी.
सिलिंडर लावला की कॅलेंडरवर गोल.
पहिला एकतीस दिवसांत संपला.
आम्ही उकडा तांदूळ खातो, तो शिजता शिजत नाही.
आता कामावर जाताना भिजत घालते,
संध्याकाळी कढ आला की टोप उतरवून
विश्रामच्या कोल्हापूरच्या हॉस्टेलातल्या स्वेटरात
(वेंगुर्ल्यात त्याला दुसरं काम नाही)
गुंडाळते, कॉटखाली सरकवते.
तासाभराने भात.
जाऊ आली होती, वाकून म्हणाली,
गं, हे कोण निजलंय?

आंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर.
सोडणं, करवंट्या, वाळल्या झावळ्या,
माडाखाली पडलेलंच असतं.
नवा गोल त्रेपन्न दिवस चालला.
मी सोसायटीत पेढे वाटायचीच बाकी होते.

वीज मात्र हटेना.
नऊ वॉटचे दिवे लावले,
फ्रीजच्या दाराचं रबर कढत पाण्यात धुऊन पुन्हा बसवलं,
इस्त्री फक्त रविवारी,
डिसेंबरात पंखाही बंद.
आकडा तिथंच, सड्यावरच्या कातळासारखा.

मग एका रात्री सगळं बंद केलं.
फ्रीजसुद्धा. चार्जरसुद्धा उपसून काढला.
जिन्याखाली मीटरसमोर उकिडवी बसले.
अंधार. समुद्राचा आवाज,
त्याचे पैसे नाहीत.
आणि लाल ठिपका लुकलुकला.
मी मोजायला लागले.
सतरा, अठरा, एकोणीस,
परत.

बॅटरी घेऊन वायर धरली :
वळचणीने, पपईला वळसा घालून, न्हाणीच्या मागून
कार्मेलीन मावशीच्या खुराड्यात.
साठ वॉटचा जुना बल्ब.
खाली चौदा पिलं,
पिवळ्यात पिवळी, एकमेकांच्या अंगावर.

तिथंच, चपलेखाली शीट, गणित केलं :
रात्रीचे बारा तास, महिन्याला एकवीस पूर्णांक सहा युनिट,
दोनशे सदतीस रुपये साठ पैसे.
पिलामागे सतराला तीन पैसे कमी.

सकाळी गेले. भांडण नको म्हणून
पदरचा एक नऊ वॉटचा दिवा घेऊन.
मावशीने तो लावला,
वर तळहात धरला. धरूनच राहिली.
"ह्येच्यात ऊब खंय गो?"

मी म्हटलं, ऊब नसते, म्हणून तर बिल कमी येतं.

तिने जुना बल्ब परत फिरवून बसवला.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"माजी सोडणां तुज्या न्हाणयेसाठी जळतत,
तेंचो हिशोब आसा तुज्या वहीत?"

नव्हता.

विश्राम म्हणाला, तिच्या मुलाला कुवेतला फोन लाव.
मी नाही लावला.
ठरलं ते एवढंच, तेही अर्धं हातवाऱ्यांनी :
तीन राजांच्या फेस्तापर्यंत बल्ब.
तोवर पिसं येतील. मग वायर काढायची.
आणि खुराड्यात कोंबडी ओरडली तर
रात्री मी खाली जाऊन बघायचं,
मावशीला जिना झेपत नाही.

वहीत आज लिहिलं :
पिलं, २३७.६०.
खालच्या ओळीत : सोडणं.
पुढे रकाना.
सोडण कितीला एक, बाजारात विचारलं,
पाटीवाली हसली फक्त.

सकाळी चुलीत दोन कमी घातली.
पाणी कोमटच राहिलं.
न्हाणीतून विश्राम ओरडला.