तिन्ही नावे एकाच व्यक्तीची

दहावीच्या सनदेवर एक टी,
आधारवर दोन,
पासपोर्टवर शेवटचा ई गायब.
श्रावस्ती हत्तिअंबीरे खिडकीपाशी उभी,
तीन कागद पत्त्यांसारखे हातात धरून.
मी परीक्षा विभागाची वरिष्ठ लिपिक.
फाईल उडू नये म्हणून तिच्यावर चहाची बशी ठेवते
आणि सांगते, "प्रतिज्ञापत्र कर.
तहसीलसमोर टायपिस्ट बसतो, त्याला म्हणावं,
तिन्ही नावे एकाच व्यक्तीची."

परदेशात शिकायला जायचं म्हणजे
आधी विमान नसतं.
आधी वसमत रोडवरचं झेरॉक्सचं दुकान असतं,
तिच्या जन्मतारखेवरून हिरवा उजेड
सतरा वेळा सरकतो.
मग सर म्हणतात, शिफारसपत्र तूच लिहून आण,
मी सही करतो.

तीन दिवस लागले तिला.
चौथ्या दिवशी कागद दाखवला.
इंग्रजीत एकच ओळ :
ही विद्यार्थिनी वेळेवर येते.
"बाई, मपलंच कौतुक कसं लिहावं?"
म्हटलं, कौतुक राहू दे. जिंतूर तालुक्यातल्या
एकेचाळीस बोअरचं पाणी तू बाटल्यांत भरून आणलंस,
एस.टी.त मांडीवर घेऊन,
प्रत्येक बाटलीला गावाच्या नावाची चिठ्ठी लावलीस,
ते लिही.
"त्यात काय लिहायचं," म्हणाली. पण लिहिलं.

इंग्रजीची परीक्षा छत्रपती संभाजीनगरला.
तोंडी प्रश्न आला : तुम्ही कधी वाट चुकलात का?
क्लासमध्ये शिकवलं होतं, गोष्ट रचायची, किमान दोन मिनिटं.
ही म्हणाली, नाही.
परत आल्यावर मला विचारते,
"बाई, नाही म्हणलं की मार्क जातेत का?"

गेले थोडे. पुरले.

मग गुणपत्रकांचा लिफाफा.
लाख वितळवली, शिक्का दाबला,
झाकणाच्या सांध्यावर आडवी सही केली.
ती बघत राहिली.
"मी बी नाही उघडायचा?"
नाही. गुण तुझेच आहेत,
पण तू उघडलास की खोटे होतात.

आणि शेवटी जामीनदार. दोन.
सरकार शिष्यवृत्ती देणार, पण कुणीतरी लिहून द्यायचं
की ही पोरगी तिकडची होऊन बसणार नाही.
(बसली तर काय बिघडलं,
असं मनात आलं. खिडकीत बोलायचं नसतं.)
वडील आगारात टायर बदलतात,
त्यांच्या ओळखीतला प्रत्येक जण
आधीच कुणाला तरी जामीन आहे.
पहिल्या रकान्यात मामा,
पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतले, सही ठसठशीत.
दुसरा रकाना पंधरा दिवस कोरा.
ती रोज यायची, विचारायची काहीच नाही,
पाण्याच्या माठाजवळ थोडं थांबून जायची.

सोळाव्या दिवशी मी फॉर्म मागून घेतला.
घरी विचारलं नाही.
माझ्याकडं तेवीस वर्षांच्या पगाराची नोंद होती
आणि पासपोर्टच्या अर्जाचा एक जुना कागद,
कधीच न भरलेला.

पण जामीनदाराचा पुरावा लागतो.
सनदेवर मी दैवशाला लिंबाजी.
सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं स्मिता,
तेच पॅनवर, तेच पगारपत्रकावर.
खिडकीच्या आतल्या बाजूला बसून
हे इतकी वर्षं कसं सुचलं नाही कोण जाणे.

दुपारच्या सुट्टीत तहसीलला गेले.
टायपिस्टनं कागद चढवला.
"दोन नावं का तीन?"
दोन.
"कारण काय टाकू?"
म्हटलं, परदेशी शिक्षण.
त्यानं चष्म्यावरून माझ्या केसांकडं पाहिलं,
मग पायातल्या चपलांकडं,
मग काहीच न विचारता बोटं कळांवर ठेवली.

"पहिलं नाव सांगा," म्हणाला,
"स्पेलिंगसकट."