बुलेटिन क्रमांक चौदा

रात्री अकराला फुगा सोडला.
नाको दोरी धरून पावसात उभा,
मी आकडे उतरवून घेत होतो.
वरची हवा काय म्हणते ते कळायला
तास-दीड तास जातो. तोवर कॉफी,
आणि पडद्यावर पाच मॉडेलांच्या पाच रेघा,
एकाच गाठीतून सुटलेल्या सुतांसारख्या.

तीन म्हणतात, वळेल.
दोन म्हणतात, छे, असंच पश्चिमेला जाईल,
मोकळ्या समुद्रात, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
वादळाला स्वतःचे पाय नसतात.
दक्षिणेला जास्त दाबाची हवा भिंतीसारखी उभी,
तिच्या कडेकडेनं ते सरकतं.
भिंत कुठं खचेल,
एवढाच काय तो आमचा धंदा.

रेघेभोवती मी शंकू काढतो.
आज चिंचोळा, परवा रुंद:
हुबेहूब सूप.
परवाच्या कडेला एमाए बेट.
माझी आई लेइताऊ, तिची दोन डुकरं,
पत्र्याचं छप्पर, चर्चची घंटा, सगळं सुपात.
सुपातल्यांनी हसू नये म्हणतात.
इथं कुणी हसत नाही.
बोटभर दक्षिणेला ढकललं
तर नाकोचं तान्ना आत येतं.
तो माझ्याकडे बघत नाही,
मी त्याच्याकडे.
आकड्यांनी सांगितलं तिथंच रेघ ठेवतो.

गेल्या खेपेला साठ मैल चुकलो.
अहवालात ते सरासरीच्या आत होतं.
साठ मैलांत किती चुली,
तो रकाना अहवालात नसतो.

चारला रेडिओवर चौकोन वाचला: ई, सहा.
आईकडे तोच जुना नकाशा, भिंतीला चिकटवलेला.
मागच्या वादळांच्या फुल्या ती खोडत नाही,
नवीन त्यांच्यातच मारते;
कुठली कुठल्या सालची, तिलाच ठाऊक.

फोन लागला. शेजारच्या पोरीनं
तिच्या कानाशी धरला असणार,
कारण मागे कोयता चालू होता.
अंधारातच कसाव्याचे शेंडे छाटत होती,
म्हणजे वाऱ्याच्या हाती काही लागू नये,
कंद जमिनीत राहावा.
"तुझी रेघ काय म्हणते?"
म्हटलं, अजून नक्की नाही.
"नाही आलं तर ही छाटणी फुकट.
मग तुला शिव्या घालीन."
कोयता थांबला नाही.

घाल, आई.
सगळ्या बेटाला घालायला सांग.

भिंत अजून उभी आहे.
नाको पाचचा फुगा भरायला गेलाय
दार उघडं टाकून,
आणि टेबलावरचे कागद
एका बाजूनं उचलले जाताहेत.