डचमळ

काठोकाठ भरलेला टँकर गुणी असतो, नुगझार म्हणतो,
रिकामाही.
खोड असते ती अर्ध्याला.

काखेतीत यंदा जुलैत गारा पडल्या,
वीस मिनिटं, पत्र्यांवर कोणी ताटल्या फेकाव्यात तशा,
म्हणून ऑक्टोबरात आमच्या पाठीवर
दहा हजार लिटरच्या जागी साडेपाच:
द्राक्षाचा रस,
अजून वाइन न झालेला,
आतल्या आत कुजबुजणारा.
शेवटच्या गावात त्याने विचारून पाहिलं,
"आणखी काही आहे?"
वजनकाट्यापाशी उभ्या बाईने
रिकामी करंडी उलटी करून दाखवली.

पेट्रोलच्या टाकीत आडभिंती असतात,
भोकं पाडलेले पत्रे.
लाटेला म्हणतात, बाई, दमानं, एकेक करून ये.
रसाच्या टाकीत तसलं काही चालत नाही.
कोपऱ्यात साल अडकतं, आंबतं,
पुढच्या हंगामाला वास मारतं.
म्हणून ही आतून गुळगुळीत, थाळीसारखी घासलेली,
आणि लाटेला या टोकापासून त्या टोकापर्यंत
मोकळं रान.

"मग आपली आडभिंत कुठे?"
मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
नुगझारने विजार वर करून
उजव्या पायाचा घोटा दाखवला.

गोंबोरीच्या घाटात, उतारावर, वळण संपता संपता
मेंढ्या.
दिव्यांच्या उजेडात नुसते डोळे, हिरवे, शेकड्यांनी,
आणि ओल्या पानांचा रस्ता.
त्याने ब्रेक दाबला.
गाडी मंदावली, रस मंदावला नाही.
मागून निघालेलं साडेपाच टन
मला पाठीत कळलं.
खळखळ ऐकू येते ती ओढ्याची,
डचमळीला आवाज नसतो,
नुसतं येणं असतं.

आणि नेमक्या त्या क्षणी
त्याने ब्रेक सोडला.
मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही.
लाट पुढच्या भिंतीवर आपटली,
गाडीने एक पाऊल पुढे टाकलं
देवळात ढकलल्यासारखं,
लाट वळली,
मग त्याने पुन्हा दाबला,
ती दूर जात असताना,
हलकेच,
पाळणा हलवणारा हात जसा
परतीच्या झोक्याला आवरतो.
पुन्हा सोडला. पुन्हा दाबला.
एका मेंढीने बंपर हुंगला.
मेंढपाळाने काठी उचलून
आम्हाला शिवी दिली की आशीर्वाद,
काच बंद होती.

इंजिन बंद केलं तरी आम्ही डुलत होतो.
नुगझार उतरला नाही.
ओठ हलत होते, मला वाटलं प्रार्थना.
"सतरा," तो म्हणाला, "अठरा",
आणि एकोणिसाव्याला दार उघडून
टायर बघायला गेला.

तिबिलिसीला रस उतरवून
पहाटे त्याच्या घरी पोचलो.
दारात तो तसाच उभा राहिला,
हातात किल्ल्या, बूट न काढता.
त्सियालाने आतून पाहिलं,
चहाचं पाणी ठेवलं,
हाक मारली नाही.
मी मनात मोजायला लागलो.
तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं,
तिला मोजावं लागत नाही.