उलटी गाठ

हाय विकममध्ये, चर्चमागच्या शेडमध्ये,
ऑसगुड म्हातारा खुर्च्या विणायला शिकवतो.
दिसत नाही त्याला, अकरा वर्षं झाली.
चौकटीची भोकं तो अंगठ्याने मोजतो
आणि डोळे असून मी चुकते.

वेत मला ठाऊक होता तो शाळेतला,
तळहातावर उमटणारा.
इथे तो कोमट पाण्यात पडून असतो,
मऊ, निमूट.
चकाकती बाजू वर ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं.

ही खुर्ची नऊ पाउंडांची, भंगारातली.
बैठक मधोमध खचलेली,
मांजराने की माणसाने, कोण जाणे.
कात्री लावणार तोच त्याने हात आडवा घातला.
खालून चाचपलं. पुन्हा चाचपलं.
"ही आयडाची गाठ," म्हणाला. "डावखुरी होती ती.
तिच्या सगळ्या गाठी उलट्या पडायच्या."

किटली उकळली, आपोआप बंद झाली.

मग म्हणाला, "काप.
लोक बसले म्हणून झिजली. बरंच झालं."

उभे पदर, आडवे, त्यावर पुन्हा उभे,
भोकाभोकांत खुंट्या म्हणून गोल्फच्या टी,
कुणीतरी डबाभर आणून दिलेल्या.
नुसत्या तिरक्या पदरांनी तीन शनिवार खाल्ले.

शेवटची गाठ मी डाव्या हाताने मारली.
दोनदा सुटली.

त्याने खालून अंगठा फिरवत नेला,
त्या कोपऱ्यात जरा थांबला.
"बादलीतला वेत काळा पडेल," म्हणाला,
"पुढची खुर्ची आण."